निबेवरचा शेवटचा हात

भाईंदरजवळच्या उत्तन गावात लोखंडाला फार आयुष्य नसतं. खिडकीच्या ग्रिलला सारखा रंग काढावा लागतो, सायकलची साखळी एका पावसाळ्यात तांबडी होते, आणि ज्या कडीला तेल मिळत नाही ती हलायचं विसरते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. ते धातूवर बसतात, हवेतली ओल ओढून घेतात आणि त्या खाऱ्या ओलीत गंजाचं काम दिवसरात्र चालू राहतं. आजूबाजूला चौक, पाली, डोंगरी, कुठेही जा, यातून सुटका नाही. त्यामुळे शंभर-दीडशे रुपयांचं शाईपेन खिशाला लावून गावात फिरणाऱ्याला लोक अक्षराबद्दल विचारत नाहीत. ‘निब गंजत नाही का?’ हेच विचारतात.

निब सहसा गंजत नाही, गंजते ती क्लिप. स्वस्त पेनाची क्लिप बहुधा साध्या पोलादाची असते आणि तिच्यावर चकाकीचा पातळ थर चढवलेला असतो. त्या थराला चीर गेली की खारं वारं आत शिरतं. निब मात्र अगदी स्वस्त पेनालाही स्टेनलेस स्टीलचीच मिळते. लोखंडात साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम मिसळलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा न दिसणारा पापुद्रा धरतो, आणि ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो आपोआप भरून येतो. मिठातलं क्लोराइड हा या पापुद्र्याचा खरा वैरी. जिथे शाई आणि मीठ दोन्ही साचून राहतात तिथे, म्हणजे निबेच्या पाठीवरच्या भोकाभोवती आणि निब पेनात शिरते त्या कडेला, काही महिन्यांनी बारीक काळे खळगे दिसू लागतात. अधूनमधून ओल्या फडक्याने निब पुसून कोरडी केली की हे टळतं. सोनेरी मुलामा याआधीच उडालेला असतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नये, लिहिण्याशी त्याचा काही संबंध नसतो.

मग महागड्या पेनांना सोन्याची निब का लावतात? एके काळी ती गरज होती. युरोपातल्या कचेऱ्यांची शाई माजूफळातलं टॅनिन आणि हिराकस यांच्यापासून बनायची. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. ही शाई आम्लधर्मी असते. कागदावर उतरते तेव्हा फिकी दिसते, हवा लागली की काळी पडते आणि कागदाच्या तंतूंना घट्ट धरते. प्रमाण बिघडलं तर कागदालाच खाते आणि अक्षरांच्या जागी भोकं पडतात. टाक दौतीत बुडवून लिहायचा असतो, काम झालं की पुसून ठेवता येतो. फाउंटन पेनाची निब मात्र चोवीस तास शाईतच असते. साधं पोलाद तिथे टिकेना, म्हणून चौदा कॅरटचं, म्हणजे साधारण ५८ टक्के सोनं असलेलं मिश्रण आलं. पुढे विसाव्या शतकात स्टेनलेस स्टील आलं, शायाही सौम्य झाल्या आणि सोन्याचं काम संपलं. प्रतिष्ठा तेवढी उरली. सोन्याची निब जरा लवचीक असते हे खरं, पण आजच्या बहुतेक सोन्याच्या निबा इतक्या ताठ घडवलेल्या असतात की डोळे मिटून लिहिलं तर पुष्कळांना फरक सांगता येणार नाही.

आमच्या डोंगरावर दोन वेगळ्या शायांची एकदा गाठ पडली होती. उत्तन-डोंगरीच्या परिसराला जुन्या कागदांत धारावी बेट म्हणतात (मुंबईतली धारावी वेगळी). चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत १७३९ साली इथला पोर्तुगीज किल्ला मराठ्यांनी घेतला. पोर्तुगीजांचे कागद पिसाच्या लेखणीने आणि लोहाच्या शाईने लिहिले जात. मराठ्यांची पत्रं मोडीत, बोरूने आणि काजळीच्या शाईने. काजळी म्हणजे निव्वळ कार्बन. तो हवेशी किंवा कागदाशी काही व्यवहार करत नाही, म्हणून पेशवे दप्तरातले रुमाल, म्हणजे कागदांची कापडी गाठोडी, उघडली तर आजही अक्षर काळंभोर दिसतं. या गुणाला भुलून काही हौशी लोक तसली शाई फाउंटन पेनात भरायला जातात. तसं करू नये. काजळीचे कण तळाशी बसतात, त्यांना धरून ठेवणारा डिंक वाळतो आणि पेनाचा घसा कायमचा बंद होतो. दुकानात चित्रकलेची जलरोधक काळी शाई आणि पेनाची काळी शाई एकाच फळीवर शेजारी शेजारी असतात, बाटल्याही सारख्याच दिसतात. लेबल वाचूनच घ्यावी. पेनाची शाई म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. तिच्यात गाळ नसतो आणि चिकटही नसतं.

अशी शाई महाराष्ट्रात घरोघर पोचवली ती दांडेकर बंधूंनी. दिगंबर परशुराम आणि गोविंद परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. त्यांच्या मालावर घोड्याचं चित्र असायचं. पूड पाण्यात घातली की शाई तयार, त्यामुळे बाटल्यांची वाहतूक वाचत असे. पुढे उंट आला, आणि कॅमल व इंक ही दोन नावं जोडून कॅमलिन. त्याच १९३१ साली अमेरिकेत पार्करने आपली ‘क्विंक’ ही शाई बाजारात आणली आणि शांघायमध्ये ज्या कारखान्याचा पुढे ‘हीरो’ झाला तोही निघाला. तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण पन्नाशी ओलांडलेल्या मराठी माणसाच्या शाळेच्या दप्तरात हीरोचं पेन आणि कॅमलची शाई एकत्र नांदलेली असण्याची शक्यता बरीच आहे. बंगालमध्ये १९३४ साली सुलेखा शाई निघाली. आंध्रात राजमहेंद्रीला रत्नम यांनी गांधीजींच्या प्रेरणेने देशी पेनं घडवायला घेतली. मुंबईत एअरमेल आणि वॅलिटी या नावांची ड्रॉपरने शाई भरायची पेनं बनू लागली. ती आजही मिळतात आणि अजूनही स्वस्त आहेत. उत्तनच्या उत्तरेला, खाडीपलीकडे नायगावला, फ्लेअर या पेनं बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचा कारखाना आहे. मुलांच्या दप्तरातलं कार्ट्रिजचं शाईपेन पुष्कळदा याच कंपनीचं असतं.

आता निबेकडे वळू. स्टीलच्या पातळ पट्टीतून निबेचा आकार दाबाने कापतात, पाठीवर भोक पाडतात, पट्टीला बाक देतात. टोकावर अतिशय कठीण मिश्रधातूचा मणी वितळवून जोडतात, मग पातळ चकतीने मधोमध फट पाडतात आणि शेवटी तो दुभंगलेला मणी घासून गुळगुळीत करतात. मण्याला लोक सवयीने इरिडियम म्हणतात. निबांवर ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ असा शिक्काही दिसतो. या शिक्क्याच्या कितीतरी निबांनी जर्मनी पाहिलेली नसते आणि मण्यात इरिडियम असलंच तर नावापुरतं असतं. टंगस्टन, ऑस्मियम, रुथेनियम असे धातू तिथे काम करतात. शिक्का खोटा असला तरी मणी कामाचा असतो. स्टीलचं टोक कागदावर घासून झिजतं, हा मणी वर्षानुवर्षं झिजत नाही.

फट केसापेक्षाही बारीक असते. दिव्याच्या वातीतून तेल चढतं किंवा पावसाळ्यात भिंतीतून ओल वर सरकते, त्याच केशाकर्षणाने शाई या फटीतून टोकापर्यंत येते. टोकाशी ती थांबून राहते, कागद लागला की कागदाचे तंतू तिला ओढून घेतात. पेनावर जोर द्यावा लागत नाही तो यामुळे. बॉलपेनवर लिहायला शिकलेला हात शाईपेनावर दाब देतो, निबेची दोन्ही टोकं फाकतात आणि मग ‘पेन खराब आहे’ असा निकाल लागतो. निबेखाली काळी जीभ असते, तिचं काम अधिक अवघड आहे. शाई बाहेर गेली की तेवढीच हवा आत गेली पाहिजे, नाहीतर आत पोकळी होऊन शाई अडते. हवा जास्त गेली तर शाई भसकन बाहेर येते. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनला १८८४ साली पेटंट मिळालं ते याच जिभेसाठी. शाईला आणि हवेला वेगवेगळी वाट देणाऱ्या बारीक खाचा त्याने जिभेत कोरल्या. आज त्या खाचा प्लास्टिकच्या साच्यात एका फटक्यात उमटतात. स्वस्त पेन शक्य झालं ते त्या साच्यामुळे.

मग स्वस्त पेन आणि महाग पेन यांत फरक कुठे पडतो? पुष्कळ वेळा निबेत पडतच नाही. बॉक आणि योवो या दोन जर्मन कारखान्यांच्या स्टीलच्या निबा जगभरच्या अनेक पेनांना बसवलेल्या असतात. त्यातली काही पेनं हाताने घडवलेली आणि भरपूर किमतीची असतात. आपल्याकडे कानपूरची कॅनराइट निबा बनवते, ‘अॅम्बिशस’ अशी अक्षरं कोरलेल्या निबाही ठिकठिकाणी दिसतात. निबेच्या धातूची किंमत थोडी असते. पैसे जातात ते ती बनून आल्यानंतर कुणीतरी भिंगाखाली धरायला, टोकं सारखी करायला, चार ओळी लिहून बघायला. ही पाच-दहा मिनिटं शंभर रुपयांच्या पेनात परवडत नाहीत. कारखान्यात जो शेवटचा हात फिरायला हवा तो फिरतच नाही, आणि पेन तसंच डबीत बंद होऊन दुकानात येतं. तो हात मग घेणाऱ्याने फिरवायचा. हे एकदा ध्यानात आलं की स्वस्त पेनाचा राग येत नाही. माझ्या मते शाईपेनाची खरी ओळखही यातूनच होते. महाग पेन घेणाऱ्याला निबेची फट कुठे आहे हे बघायची वेळच येत नाही.

पहिला हात पाण्याचा. नवं पेन शाई भरण्याआधी धुवायचं. साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून तेलकट थर दिलेला असतो, तो जिभेवर उरतो आणि पाण्यासारखी शाई त्यावरून थेंब थेंब होऊन पळते. नवं पेन अर्धी ओळ लिहून कोरडं पडतं त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून निब-जीभ त्यात बुडवावी, मग पाणी आत-बाहेर करावं. त्यासाठी औषधाच्या दुकानातली बिनसुईची सिरिंज उत्तम, पुढे रिकामं कार्ट्रिज भरायलाही तीच लागते. गरम पाणी नको, प्लास्टिक वाकतं. शेवटचं खंगाळणं पिण्याच्या पाण्यानेच करावं. आमच्याकडे किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ. ते वाळलं की क्षार मागे राहतात, आणि केसापेक्षा बारीक वाटेत क्षाराचा एक कणही पुरेसा अडथळा होतो.

धुऊनही पेन खरवडत असेल तर भिंग काढायचं. निब समोरून पाहिली तर मण्याचे दोन अर्ध एका रेषेत दिसायला हवेत. एक वर, एक खाली असेल तर खालचं टोक कागद खरवडतं. यासाठी आपल्या लिपीतच एक सोपी परीक्षा आहे. कागदावर लांब शिरोरेषा ओढायची, आधी डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे, आणि हाताला काय लागतं ते पाहायचं. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने खरखरीत लागलं तर टोकं वरखाली आहेत. दोन्ही दिशांनी सारखीच खरखर असेल तर मणीच नीट घासलेला नाही. रोमन लिपीत एवढी लांब आडवी रेघ क्वचित येते. आपण ती प्रत्येक शब्दाला ओढतो, आणि मोडीत तर आधी पूर्ण ओळीची रेघ मारून मग तिला अक्षरं टांगत. म्हणून इंग्रजीत बरं चालणारं पेन मराठीत कुरकुरतं, हा काही भास नाही.

वरखाली टोकं अंगठ्याच्या नखाने सरळ होतात. वर असलेलं टोक हलकेच खाली दाबायचं, भिंगातून पाहायचं, पुन्हा दाबायचं. एका दमात सरळ करू पाहणारा दुसऱ्या बाजूला वाकवून बसतो. शाई कमी येत असेल तर फट जास्त घट्ट आहे. शाळेत आम्ही सगळे त्यात दाढीचं ब्लेड फिरवायचो आणि त्याने पेन चालतंही. पण ब्लेड निबेपेक्षा कठीण असतं, ते फटीच्या आतल्या कडा खरवडतं, आणि मग शाई कधी येते कधी नाही असं कायमचं होऊन बसतं. पितळेचा पातळ पत्रा चांगला, तो स्टीलपेक्षा मऊ असल्याने निबेला इजा करत नाही. पत्रा मिळाला नाही तर निब उलटी धरून दोन्ही खांद्यांवर नखांनी हलका ताण द्यावा. शाई भळाभळा येत असेल तर उलट करायचं, दोन्ही टोकं एकमेकांवरून अर्ध्या केसाएवढी ओलांडून पुन्हा जागेवर आणायची. हे लिहायला सोपं आहे. पहिली निब यात मोडली तर निबच मोडली असं समजावं, पेन शाबूत असतं.

घासण्यासाठी महागडा कागद मागवायची गरज नाही. नखांना चकाकी आणायच्या चार बाजूंच्या पट्ट्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात मिळतात. त्यातली सर्वांत मऊ बाजू निबेसाठी पुरते. शाई भरलेल्या पेनाने, जोर न देता, त्यावर इंग्रजी आठचा आकडा काढायचा. आठ-दहा वेळा काढून थांबायचं आणि कागदावर लिहून बघायचं. इथे हावरटपणा करणाऱ्यांची एक वेगळीच फजिती होते. मणी इतका गोल आणि गुळगुळीत होतो की फटीचं तोंड कागदाला टेकतच नाही. मग प्रत्येक शब्दाचा पहिला फराटा कोरडा जातो आणि ‘क’ची सुरुवात दिसत नाही. थोडी खरखर ठेवावी. तिच्याशिवाय निबेला कागद कळत नाही.

जाडी कुठली घ्यावी यावर मी हट्टी आहे. मराठी लिहायचं असेल तर बारीक. ‘ठ’, ‘ध’, ‘भ’ यांची पोटं, जोडाक्षरं, रफार, अनुस्वार आणि त्यावरून जाणारी शिरोरेषा, एवढं सगळं शाळेच्या वहीच्या ओळीत बसवायचं तर मध्यम निबेने पोटं भरून जातात. जपानी कंपन्यांची बारीक निब युरोपीय बारीक निबेपेक्षा एक पायरी तरी बारीक असते, कारण त्यांनाही गुंतागुंतीची अक्षरं लहान जागेत लिहायची असतात. प्लॅटिनम या जपानी कंपनीचं प्रेपी हे त्यातलं एक स्वस्त पेन. त्याच्या टोपणात स्प्रिंगवर बसलेलं आतलं झाकण असतं, त्यामुळे महिनोन्महिने न वापरता ठेवलं तरी शाई वाळत नाही. नागपूरला एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात या झाकणाची किंमत कळते. उत्तनमध्ये पेन वाळणं ही फार छोटी तक्रार आहे. इथली हवा शाईला वाळू देत नाही, आणि आमची अडचण त्याच्या बरोबर उलटी असते.

ती अडचण कागदाची. कागद बनवताना त्याला खळ देतात, म्हणजे तंतूंच्या मधल्या जागा भरून पाणी शोषण्याची त्याची हाव कमी करतात. जुन्नरी आणि दौलताबादी कागदाला खळ देऊन वर गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणून त्यावर बोरूची रेघ फुटत नसे. हाताने लिहिण्याच्या कागदाचं महत्त्व संविधानाच्या प्रतींतही दिसतं. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी लिहिली आणि हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. त्या हिंदी प्रतीचा कागद पुण्याच्या हातकागद संशोधन केंद्रात तयार झाला होता. आपल्या वाट्याला शाळेची वही येते. तिची खळ आधीच बेताची, त्यात जुलैमध्ये कपाटातली वहीसुद्धा मऊ पडते. तंतू ओले असले की शाई रेघ सोडून आडवी पसरते, अक्षराला मिशा फुटतात आणि मागच्या पानावर सावली उमटते. पेनाला दोष देण्याआधी तेच पेन, तीच शाई ऑक्टोबरात त्याच वहीवर चालवून बघावी. पावसाळ्यात बारीक निब, कमी वाहणारी शाई आणि चांगल्या घट्ट कागदाची वही, असं त्रिकूट जमवलं तर मिशा बऱ्याच कमी होतात. कागद जाड असला की चांगला हा समज मात्र सोडावा. जाडी आणि खळ या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात वही उघडून एका कोपऱ्यात चार अक्षरं लिहून बघण्याला पर्याय नाही. आपलं पेन खिशात ठेवून जावं, दुकानदार कुरकुरतात पण हाकलत नाहीत.

पावसाळ्यात शाईच्या बाटलीलाही बुरशी धरते. वर साय आल्यासारखं दिसलं किंवा तळाशी कापसासारखे तंतू हलले की बाटली ओतून द्यायची, गाळून वापरायची नाही. तो तंतू एकदा जिभेत गेला की धुऊन निघता निघत नाही. जुन्या शायांना जो दवाखान्यासारखा वास यायचा तो बुरशी मारणाऱ्या फिनॉलचा. हल्ली वास कमी झाला आहे, म्हणून काळजी जास्त घ्यावी. पेन बाटलीत बुडवून भरण्याऐवजी हवी तेवढी शाई छोट्या डबीत काढून घेतली तर बाटली बराच काळ निर्मळ राहते.

ड्रॉपरने भरायच्या पेनाबद्दल वेगळं सांगितलं पाहिजे, कारण स्वस्त पेनांत सर्वांत जास्त शाई तेच घेतं आणि सर्वांत जास्त खिसेही तेच रंगवतं. यात वेगळी नळी नसते, सगळं पोटच शाईने भरतं. समजा तीन मिलिलिटरच्या पोटात अर्धी शाई संपली आहे, म्हणजे दीड मिलिलिटर हवा आहे. जानेवारीतल्या सकाळी ही हवा अठरा अंशांवर असते, हातात धरल्यावर ती तेहतीस अंशांपर्यंत तापते. तेवढ्याने हवा सुमारे पाच टक्के फुगते, म्हणजे ०.०८ मिलिलिटर शाई बाहेर ढकलली जाते. शाईचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. जिभेच्या खाचा त्यातला काही भाग झेलतात, उरलेला थेंब वहीवर किंवा सदऱ्यावर पडतो. भाईंदर स्टेशनवरून उत्तनला येणाऱ्या गच्च भरलेल्या बसमध्ये छातीशी दाबलेलं अर्धं रिकामं पेन गळतं ते याच गणितामुळे. म्हणून ड्रॉपरचं पेन अर्ध्यावर आलं की भरून टाकावं. आत हवा जितकी कमी तितकी फुगणारही कमी. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. विमानात नेताना तर काठोकाठ भरावं किंवा पूर्ण रिकामं करावं. केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो आणि तो हवेला फुगवायचं काम उष्णतेपेक्षाही जोरात करतो.

बॉलपेनचा मोठेपणा मान्य करायला मला संकोच वाटत नाही. बंदरावर डिझेलचा आणि मासळीचा हिशेब लिहिणारा माणूस ओल्या हातांनी लिहितो, वहीवर पाण्याचे शिंतोडे उडत असतात. तिथे धुऊन जाणारी निळी शाई म्हणजे हिशेबच धुऊन जाणं. बॉलपेनची तेलकट शाई पाण्याला जुमानत नाही, धक्क्यावर तीच हवी. वापरून फेकायच्या पेनांचं प्लास्टिक वाचावं म्हणून शाईपेन वापरा, असं सांगणारेही भेटतात. मिरा-भाईंदरचा कचरा उत्तनच्या डोंगरावर येतो आणि त्याच्या धुराचा त्रास गाव सोसत आलं आहे, तेव्हा हा मुद्दा आम्हाला वेगळा समजावून सांगायला नको. पण एका माणसाने बॉलपेन सोडल्याने त्या डोंगराची उंची कमी होत नाही. शाईपेन वापरावं ते लिहिताना बरं वाटतं म्हणून. तेवढं कारण पुरेसं आहे.

स्वस्त पेनाची आणखी एक सोय म्हणजे निब बदलता येते. बऱ्याच पेनांत निब आणि जीभ नुसती दाबून बसवलेली असते. फडक्यात धरून सरळ ओढली की निघते, पिळायची नाही. निबांना पाच, सहा असे क्रमांक असतात आणि त्या मापाची कुठल्याही कारखान्याची निब बहुधा बसते, बाक थोडा जुळवून घ्यावा लागतो इतकंच. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटच्या स्टेशनरीच्या बाजारात किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकात सुट्या निबा विचाराव्यात, हल्ली ऑनलाइनही मिळतात. फरशीवर टोकावर पडून मुरडलेली निब मात्र पेनाच्या किमतीपेक्षा जास्त कष्ट मागते. कोलकात्यात एस्प्लनेडच्या परिसरात ‘पेन हॉस्पिटल’ नावाचं जुनं दुकान आहे, तिथे अशी आजारी पेनं येतात. शंभर रुपयांच्या पेनासाठी तिथवर कुणी जाणार नाही.

मुरडलेल्या निबेचा एक उपयोग उरतो. पक्कडीने मणी कापून टाकायचा आणि उघड्या पडलेल्या स्टीलला बारीक पॉलिश पेपरवर सपाट, तिरका काप द्यायचा. सुलेखनवाले याला कट निब म्हणतात. काप कुठल्या बाजूला उतरता हवा हे महत्त्वाचं. देवनागरीचा बोरू रोमनच्या कलमापेक्षा उलट्या बाजूला तिरका कापतात, म्हणून इंग्रजी कॅलिग्राफीसाठी विकली जाणारी निब सरळ घेऊन मराठी लिहिलं की जाड-बारीक रेघा चुकीच्या जागी पडतात. जुन्या बोरूने लिहिलेलं एखादं पान समोर ठेवावं, काना आणि ‘र’ची शेपटी कुठे जाड होते ते पाहावं आणि त्याप्रमाणे थोडं थोडं घासत जावं. मणी नसल्याने ही निब रोजच्या लिखाणाला टिकत नाही, कागद तिला झिजवतो. पेनात बसवण्यापेक्षा ती टाकाच्या दांडीत अडकवून दौतीत बुडवून वापरावी. टाकात घसा बुजायची भीती नसल्याने तिथे काजळीची काळी शाईसुद्धा चालते.